सफरचंदाचं पुरण

“शालन, ऊठ गं. नळाला पाणी न्हाई,” आई म्हणाली.

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, साध्या आवाजात म्हणाली, आणि मला ते अंथरुणात ऐकू आलं. मी ताडकन उठून बसले. त्या घरात राहायला आल्यापासून आईनं मला साध्या आवाजात हाक मारलेली मला आठवत नव्हती. आमची वसाहत पहाडातल्या एका नदीच्या काठावर, चांगल्या उंच सपाटीवर होती, आणि खाली नदी दिवसरात्र अशी गर्जायची की मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. आईचा घसा त्यापायी कायमचा बसला होता. आबा म्हणायचे, हितं नवरा-बायकोला गुपित म्हणून बोलायची सोयच राहिली न्हाई.

त्या सकाळी मात्र घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. भिंतीपलीकडच्या मिश्राजींचा खोकला ऐकू येत होता. पमी, माझी धाकटी बहीण, झोपेत अंगठा चोखत होती, त्याचाही आवाज येत होता. काय झालंय ते मला कळेना.

“आई, काय झालं?”

“काय व्हायचंय? नदी आटलीया,” ती म्हणाली, आणि चक्क हसली.

आज कुणालाही विचारा. भर श्रावणात हिमालयातली नदी एका रात्रीत गप्प झाली तर काय करायचं? पोरं उचलायची आणि डोंगर चढायला लागायचं. मागं वळूनसुद्धा बघायचं नाही. पण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही होतो माणदेशातले. आमच्या गावची नदी वर्षातले आठ महिने कोरडीच असायची. नदी म्हणजे वाळू. नदी म्हणजे बाजार भरायची जागा, बैल पळवायची जागा, पोरांनी हुंदडायची जागा. पाणी आलं तर नवल, नाही आलं तर रोजचंच. आबांना धरणाच्या बोगद्यावर ड्रिलिंगच्या टोळीचं फोरमनपद मिळालं म्हणून आम्ही इतक्या लांब आलो होतो, आणि आईला इथलं सगळं सोसलं, थंडी सोसली, भाषा सोसली, पण ती गर्जणारी नदी काही सोसली नाही. “ही बया कधी दमत कशी न्हाई?” असं ती कानावर उशी दाबून म्हणायची. ती बया आता दमली होती, म्हणून आई खूश होती.

मी, पमीला कडेवर घेऊन, मागच्या अंगणाच्या कडेला गेले. दिन्या, माझा सहा वर्षांचा भाऊ, माझ्याआधीच तिथं पोचला होता. खाली सगळं पात्र उघडं पडलं होतं. काळे गोटे, पांढरी वाळू, मधे मधे साचलेली डबकी आणि त्यातून उन्हात चकाकणारं काहीतरी.

“मासं हायेत ते,” दिन्या म्हणाला. “मी जातो.”

“आई मारंल.”

“मारू दे.”

दिन्याचं हे असं होतं. त्याला ‘नको’ म्हटलं की त्याचे पाय आपोआप त्या दिशेला वळायचे. आबांचा मार, आईचा धाक, मास्तरांची छडी, सगळं त्याच्यावरून वाहून जायचं. मी उलट. मला एकदा सांगितलेलं मी जन्मात विसरायची नाही, आणि दुसऱ्यांनाही विसरू द्यायची नाही. आबा मला कौतुकानं ‘हवालदार’ म्हणायचे.

समोरच्या डोंगरावर गावातली गुरं वर चढत होती. गुरांमागं बायका होत्या, त्यांच्या पाठीवर बोचकी होती. मी आईला दाखवलं.

“जत्रा असंल वर देवीची,” आई म्हणाली. “चला, आत व्हा. आज लई काम हाय.”

काम म्हणजे सफरचंदं. पावसानं दरड कोसळून बाजाराचा रस्ता बंद पडला होता, आणि बागांमधून फळ सडायला लागलं होतं. आमच्याकडं दूध घालणाऱ्या बिमलादेवीनं आदल्या संध्याकाळी झाडाखाली पडलेल्या सफरचंदांच्या दोन करंड्या आणून अंगणात ठेवल्या आणि पैसे विचारले तर कानाला हात लावले. फळं गोड होती, पण मार लागलेली. आज शिजवली नाहीत तर उद्या गुरांनाच घालावी लागली असती. वसाहतीतल्या डॉक्टरांच्या बायकोनं आईला हा प्रकार शिकवला होता. सफरचंद शिजवायचं, गाळायचं, साखर घालून आटवायचं आणि बाटल्यांत गरम गरम भरून झाकणावर मेण ओतायचं. हिवाळ्यात बर्फ पडला की भाजी नाही, फळ नाही. तेव्हा पोळीशी हेच खायचं. तिच्याकडं ते गाळायला कसलीशी विलायती चाळणी होती. आईकडं माहेरचं पितळी पुरणयंत्र होतं. म्हणून आमच्या घरात त्याला नावच पडलं सफरचंदाचं पुरण.

मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली. हंड्यात भरून ठेवलेलं पाणी होतं, त्यात फळं धुतली. आई विळीवर फोडी करत होती, मी किडका भाग आणि बिया काढत होते, दिन्या पुरणयंत्राचा दांडा फिरवत होता आणि पमी बियांचे ढीग लावत होती. म्हणजे ढीग लावायचा, मोडायचा आणि परत लावायचा. नेहमी असं काम निघालं की आमचा नुसता आरडाओरडा चाले. त्या दिवशी सगळे हळू बोलत होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण आवाज चढेचना.

“आई, माझ्या दातांचा आवाज येतोय,” दिन्या फोड चावत म्हणाला.

“मग तोंड मिटून खा.”

“तरी येतोय. डोक्यात येतोय.”

“डोस्कं मोकळं हाय नव्हं, घुमणारच,” आई म्हणाली, आणि आम्ही हसलो. हसण्याचा आवाज खालच्या पात्रात जाऊन समोरच्या कड्यावरून परत आला. पमी घाबरून आईला बिलगली.

“कोन हसलं तितं?” तिनं विचारलं.

“आपणच गं, राणी,” आई म्हणाली. पण तिनंही एकदा त्या बाजूला पाहिलं.

पहिलं पातेलं आटायला ठेवलं आणि बाटल्यांचा प्रश्न आला. साहेबांच्या मेसमधून आईनं रिकाम्या बाटल्या मागून आणल्या होत्या, रुंद तोंडाच्या, लोणच्याच्या. एकेकीला असा वास मारत होता की नुसत्या पाण्यानं जाता जाईना. त्या घासायला हव्या होत्या, मग उकळायला, आणि हंडा तर तळाला गेला होता. नळ कोरडा. वसाहतीचं पाणी नदीतूनच पंपानं वर यायचं.

आई कमरेवर हात ठेवून कडेला उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी तिच्या माहेरी गेल्यावरच बघितला होता.

“शालन, झरा काढू या?”

आमच्याकडं उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत हातानं खड्डा उकरतात. कोपरभर उकरलं की तळाशी पाणी पाझरतं, आधी गढूळ, मग नितळ. त्याला झरा म्हणतात. वाटीनं भरून भरून घागर होते. भांडी वाळूनं घासायची आणि झऱ्याच्या पाण्यानं विसळायची. आईचं लहानपण सगळं त्या वाळूत गेलं होतं, आणि तिला वाटलं, चालून आलंय तर पोरांनाही दाखवावं.

खाली जायला दोन वाटा होत्या. एक पायवाट, घराएवढ्या एका धोंड्याला वळसा घालून, सावकाश उतरणारी. दुसरी घळ, आमच्या अंगणाच्या कोपऱ्यातून सरळ खाली कोसळणारी, जिच्यात आम्ही राख आणि कचरा टाकायचो. पोरांना घळीत जायची बंदी होती. आम्ही पायवाटेनं उतरलो. आईच्या डोक्यावर बाटल्यांची करंडी, तिला हाताचा आधारही नाही. ती गाणं गुणगुणत होती. जात्यावरचं होतं काहीतरी, मला त्याची आता फक्त चाल आठवते.

पात्रात उतरलो तसा गारवा अंगाला चिकटला. गोट्यांवरचं शेवाळ अजून ओलं होतं. डबक्यांत मासे तळमळत होते, आणि आश्चर्य म्हणजे एकही कावळा, एकही घार तिथं नव्हती. इतकं आयतं अन्न आणि खाणारं कुणी नाही. वरच्या अंगाला, नदी वळते तिथं, दोन्ही कडे जवळ येतात. तिकडून वारा येत होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता.

“पाऊस हाय वरल्या अंगाला,” आई नाक वर करून म्हणाली. आभाळ तर निळंभोर होतं.

तिनं पदर खोचला आणि एका मोठ्या खडकाच्या सावलीत, वाळूत गुडघे टेकून उकरायला सुरुवात केली. आम्हीही उकरायला लागलो. दिन्या कुत्र्यासारखा दोन्ही हातांनी मागं वाळू उडवत होता, ती पमीच्या डोक्यावर पडत होती आणि पमी खिदळत होती. बघता बघता तळाशी पाणी आलं. आईनं ओंजळीत घेतलं, चाखलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“गोड हाय,” ती म्हणाली. “आपल्यागतच हाय की गं.”

थोडा वेळ तिनं आमच्यासोबत बाटल्या घासल्या. मग तिला वरच्या पातेल्याची आठवण झाली.

“आता लागंल ते बुडाला. मी जाऊन हलवते. शालन, तू घास, दिन्या विसळंल. पमीला पाण्याजवळ सोडू नको. झाल्या की हाक मार, आज ऐकू यील.”

ती पायवाटेनं वर गेली. धोंड्याआड जाईपर्यंत मी तिच्याकडं बघत होते. वळणावर तिनं मागं बघून हात केला.

आता भोंग्याचं सांगायला हवं. वसाहतीसमोर, नदीपलीकडं, दगडाची खाण होती. तिथं दिवसातून एकदा, जेवणाच्या सुटीत, सुरुंग उडवायचे. त्याआधी वसाहतीच्या ऑफिसावरचा भोंगा व्हायचा, लांबलचक. आणि सुरुंग उडून गेले की दुसरा भोंगा, तुटक तुटक. पहिला भोंगा झाला की असाल तिथं आडोशाला खाली बसायचं, कान दाबायचे, धुळीनं डोळे जातात म्हणून डोळे गच्च मिटायचे, आणि दुसरा भोंगा होईपर्यंत उठायचं नाही. घर जवळ दिसलं तरी पळायचं नाही. पळणाऱ्यालाच दगड लागतो, असं आबा सांगायचे. आम्ही आलो त्याच वर्षी भोंगा झाल्यावर घराकडं पळणाऱ्या एका स्वयंपाक्याचा पाय दगडानं गेला होता. तेव्हापासून वसाहतीत भोंगा झाला की साहेबांच्या बायकांपासून भंगी कामगारांपर्यंत सगळे जागच्या जागी बसायचे. आबांनी आम्हाला घरात भोंग्याचा आवाज काढून, पुन्हा पुन्हा बसवून, हे शिकवलं होतं. पमीला बोलता यायच्या आधी भोंग्याला खाली बसता यायला लागलं होतं.

शेवटच्या काही बाटल्या राहिल्या होत्या आणि भोंगा झाला.

“आत्ता?” दिन्या म्हणाला. “आत्ता तर जेवायची येळ न्हाई.”

मलाही नवल वाटलं. पण भोंगा तो भोंगा. मी पमीला ओढलं, त्या मोठ्या खडकाच्या बुडाला बसले, तिचं डोकं माझ्या पोटाशी घेतलं. “दिन्या, बस!”

तो उभाच. नाक वर करून हुंगत होता.

“पुरण लागलं बुडाला,” तो म्हणाला. “वास येतोय. आई खरवड काढणार. तू सगळी खातीस दर वेळी.”

“दिन्या, दगड लागंल! बस खाली!”

“मी न्हाई बसणार जा,” तो म्हणाला आणि पायवाटेनं धूम पळाला.

मी काय करणार होते? दगड लागून तो मेला असता तर आबांनी मला विचारलं असतं, तू हवालदार ना, मग तुझा भाऊ पळाला कसा? मी पमीला काखेत मारलं आणि त्याच्या मागं धावले. नियम मोडल्याच्या भीतीनं माझी छाती फुटायची वेळ आली होती. प्रत्येक पावलाला वाटे, आता समोरून दगड येणार. भोंगा थांबत नव्हता. रोज तो जेमतेम दहा आकडे मोजेपर्यंत वाजायचा. आज कुणी त्याचं तोंड बंद करायलाच विसरलं होतं. धोंड्यामागं दिन्याची मान मी पकडली, त्यानं मला ओचकारलं, सुटला, आणि आम्ही तसेच भांडत, ओढाताण करत वर पोचलो.

अंगणात चूल जळत होती. पातेल्यातलं पुरण रटरटून काठाबाहेर उडत होतं. उलथनं मातीत पडलं होतं. आई नव्हती.

“आई?” मी घरात बघितलं. घर उघडं, रिकामं.

दिन्या घळीच्या तोंडाशी उभा होता. “आई खाली गेली,” तो म्हणाला.

मी कडेला धावले. आम्ही पायवाटेनं धोंड्याआडून वर येत होतो, तेव्हा आई घळीतून, बसत, घसरत, सरळ खाली उतरली होती. आपली पोरं उघड्या पात्रात आहेत आणि सुरुंग उडणार, एवढंच तिच्या डोक्यात. आता ती वाळूतून पळत त्या मोठ्या खडकाकडं चालली होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. खडकाभोवती तिनं चक्कर मारली, झऱ्यात वाकून बघितलं, मग आजूबाजूच्या खडकांमागं बघायला लागली. तिचं तोंड उघडमिट होताना दिसत होतं. ती आमची नावं घेत होती.

“आई! आम्ही हितं हाय! आई, वर बघ!”

मी ओरडले, दिन्या ओरडला, पमीनंही सूर लावला. पण भोंगा आमच्या डोक्यावरच होता. माझाच आवाज मला ऐकू येईना. आई आणखी पुढं गेली, वरच्या अंगाला. मग दिन्यानं पातेल्याचं मोठं पितळी झाकण उचललं आणि दोन्ही हातांनी उन्हात हलवलं. त्याचा कवडसा खाली वाळूवर नाचला, आईच्या पायाशी गेला. तिनं वर पाहिलं.

आम्ही तिघं तिला दिसलो. तिनं छातीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग दिन्याकडं बघून मूठ उगारली, आणि एवढ्या लांबूनही मला कळलं की ती हसतेय.

ती तेव्हा पळाली असती, तर. हे ‘तर’ मी आयुष्यभर चघळलं आहे आणि त्यातून काही निघत नाही. ती भोंगा चालू असताना कशी पळणार? पोरं तर सुखरूप वर होती. तिनं समोरच्या खाणीकडं एकदा बघितलं, मग आम्हाला हातानं खूण केली, बसा, खाली बसा. स्वतः खडकाकडं गेली. त्याच्या बुडाला, जिथं मी पमीला घेऊन बसले होते तिथंच, उकिडवी बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी कान दाबून आम्हाला दाखवलं, असं. असं बसा.

मी सांगितलेलं ऐकणारी मुलगी. मी बसले. पमीला मांडीत घेतलं, दिन्याला शर्टाला धरून खाली ओढलं. “डोळे मिट,” म्हटलं, आणि माझे गच्च मिटले.

थोड्या वेळानं जमीन हलायला लागली. मला बरं वाटलं. उडाले सुरुंग, म्हटलं, आता दुसरा भोंगा होईल आणि आई वर येईल. पण सुरुंग एकदा उडतो आणि संपतो. हे संपेना. हे वाढत गेलं, माझ्या ढुंगणाखालच्या मातीतून, पाठीतून, दातांपर्यंत आलं. त्यात भोंग्याचा आवाज बुडून गेला. चिखलाचा असा वास आला की श्वास कोंडला, आणि तोंडावर थंडगार थेंब उडाले. एवढ्या उंच कधी नदीचे तुषार आले नव्हते. पमी किंचाळत होती, तिचं तोंड उघडं आहे हे मला तिच्या गरम श्वासावरून कळत होतं. तरी मी डोळे उघडले नाहीत. दुसरा भोंगा झाला नव्हता.

उघडले तेव्हा खाली पात्र नव्हतं, खडक नव्हता, घळीचा अर्धाअधिक उतार नव्हता. काळपट तांबडं पाणी होतं, आणि त्यात देवदाराची अख्खी झाडं काड्यांसारखी फिरत होती.

मागाहून कळलं ते एवढंच. खूप वर, दोन दिवसांच्या वाटेवर, रात्री डोंगराचा एक कडा नदीत उतरला होता. त्यानं नदी अडली, मागं तळं तुंबत गेलं. बांध फुटतोय असा निरोप बिनतारी यंत्रावरून आला तेव्हा ऑफिसातल्या कारकुनाकडं साऱ्या वसाहतीला सांगायला भोंग्याशिवाय दुसरं काही नव्हतं. नदीकाठची माणसं वर पळावीत म्हणून त्यानं भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण भोंगा ऐकून पळायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? जो तो जागच्या जागी खाली बसला.

आबा आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वरच्या रस्त्यानं, डोंगरावरून आले. अंगभर बोगद्याचा चिखल, डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं. आम्ही तिघं अजून अंगणात बसलो होतो. चूल विझली होती, पातेल्यात कोळसा झाला होता. पमी माझ्या मांडीत झोपली होती. तिचे कान मी दाबून धरले होते, माझे हात बधीर झाले होते.

नदी आता नेहमीसारखी, नेहमीपेक्षाही मोठ्यानं, गर्जत होती. आबांना ओरडूनच बोलावं लागलं.

“आई कुठं हाय?”

मी खाली बोट दाखवलं. “भोंगा झाला म्हणून बसलीया,” मी ओरडून सांगितलं. “दुसरा भोंगा झाला न्हाई अजून, आबा. म्हणून आम्ही उठलो न्हाई.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या पाण्याकडं बघितलं. मी काय सांगितलं ते त्यांना ऐकू आलं की नाही हे मला कळेना, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. नको, असं. मग ते आमच्यासमोर मातीत बसले आणि त्यांनी माझे दोन्ही हात पमीच्या कानांवरून सोडवले. एकेक बोट करून सोडवावं लागलं.

“ऊठ, शालन,” ते म्हणत होते. “ऊठ, बाळा. आता उठायचं. झालं.”

तेव्हा दिन्या पुढं आला. त्यानं आबांच्या गळ्यात हात टाकले, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि नदीवर आवाज चढवून, गळ्याच्या शिरा तट्ट फुगवून तो ओरडला.

“आबा, मी बघत हुतो! आईनं डोळं मिटलं हुतं! तिला पाणी दिसलंच न्हाई!”